चंद्रकुमारचा कान

आसगावच्या बसथांब्यावर उतरलं की डाव्या हाताला चंद्रकुमार काटेखायेचं सायकल दुरुस्तीचं दुकान लागायचं. दुकान कसलं, चार बल्ल्यांवर टाकलेले टिनाचे पत्रे, खाली पाण्याचं घमेलं आणि खिळ्याला लोंबकळणाऱ्या जुन्या ट्यूबा. शाळा सुटली की आम्ही तिथं हवा भरायला जायचो आणि हवा भरून झाली तरी घुटमळत राहायचो. वाकडं झालेलं चाक सरळ करताना चंद्रकुमारभाऊ एकेका स्पोकला बोटानं टिचकी मारायचा आणि मान वर न करता म्हणायचा, "हा ढिल्ला. हा बराबर. हा लगित आवळला, जास्तच." सायकलीचे स्पोकही वाजतात हे आम्हाला त्याच्याकडून कळलं.

घर शेतकऱ्याचं. तलावाखाली काटेखायांच्या धानाच्या बांध्या होत्या आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला की दुकानाच्या तोंडावर पोतं लटकायचं. पण गाव त्याला ओळखायचं ते शेतीवरून नाही की सायकलीवरूनही नाही. तो 'आर्केस्ट्रातला चंद्रकुमार' होता.

त्याची सुरुवातही पंक्चरनंच झाली होती. भंडाऱ्याचे भय्याजी पेटी वाजवायचे आणि स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवायचे. कुठल्याशा गावाला कार्यक्रमासाठी निघालेली त्यांची जीप आसगावात बसली. चंद्रकुमार तेव्हा विशीतला. तो ट्यूब घासत होता आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. भय्याजी बाजूला उभे राहून सिगारेट ओढत होते. थोड्या वेळानं त्यांनी सिगारेट टाकली आणि जवळ येऊन विचारलं,

"काय गाऊन राहिला बे?"

"गानं नाई जी. गान्याच्या खालचं."

"खालचं म्हंजे?"

"रेडिओवर गानं लागते ना, तं त्याच्या खाली एक जाडा आवाज चालत राह्यते. ते."

सगळी माणसं गाण्याची चाल गुणगुणतात. हा पोरगा चालीच्या खालून जाणारा बेसचा आवाज गुणगुणत होता, जो बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. भय्याजींनी पंक्चर होईपर्यंत त्याच्याकडून तीन-चार गाण्यांच्या खालचं म्हणून घेतलं आणि जाताना सांगितलं, "आइतवारी भंडाऱ्याले येजो."

तो गेला. भय्याजींकडं एक इलेक्ट्रिक बेस गिटार होती, चार जाड तारांची. ती वाजवणारा माणूस नोकरी लागून नागपूरला निघून गेला होता. वर्षभरात चंद्रकुमार त्याच्या जागी उभा राहिला. गणपती, शारदा, लग्नाचे स्वागतसमारंभ, दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा. झाडीपट्टीत तेव्हा ऑर्केस्ट्रा आला की गाव लोटायचं. गायक पुढं, झगमगते कोट घालून. चंद्रकुमार मागं, ड्रमच्या बाजूला, पांढरा सदरा, डोळे मिटलेले. त्याची आई कुंताबाई पहिल्यांदा कार्यक्रम पाहून आली तेव्हा तिनं विचारलं होतं, "तुहा आवाज कोन्ता होता रे?"

"आयकू आला नाई?"

"नाई बा. सारे वाजवत होते, तू नुस्ता उभा होता."

"मी बंद केलं असतं ना माय, मंग तुले समजलं असतं."

ही गोष्ट तो स्वतःच हसत हसत सांगायचा. त्याला पुढं यायची हौस नव्हती. गाणं खालून धरून ठेवायचं, एवढंच त्याला आवडायचं. त्याचं लग्न झालं ते सिहोऱ्याच्या दीपमालाशी. तिनं मात्र काही महिन्यांतच त्याचा आवाज ओळखायला शिकून घेतला. मांडवाच्या बल्लीला पाठ टेकवून बसलं की तो पाठीत ऐकू येतो, असं ती आमच्या आईला सांगायची. आम्ही पोरं मग बल्ल्यांना पाठी लावून बसायचो.

मग लोडशेडिंगची वर्षं आली. दिवसाचे निम्मे तास वीज नसायची आणि कधी जाईल याचा नेम नसायचा. जनरेटर भाड्यानं आणावं तर त्याचाच आवाज गाण्याच्या वर. भय्याजींनी डोकं चालवलं. विजेशिवायचा छोटा संच करायचा. पेटी, ढोलक, व्हायोलिन, साधी गिटार, दोन गायक. अडचण होती ती बेसची. ती विजेशिवाय मुकी. तेव्हा कुणीतरी सांगितलं की नागपूरला पोटातून आवाज करणारी बेस गिटार मिळते. साध्या गिटारीसारखीच, पण अंगानं मोठी, पोकळ, आणि तारा बेसच्या. चंद्रकुमार स्वतः जाऊन ती घेऊन आला. बसच्या टपावर ठेवायला तयार नव्हता म्हणून भंडाऱ्यापर्यंत उभ्यानं आला, गिटार सीटवर.

मला ती गिटार पहिल्या दिवसाची आठवते. मधाच्या रंगाची, पॉलिश असं की तोंड दिसावं. ओसरीत बसून त्यानं जाड तार छेडली तेव्हा आमच्या पोटात काहीतरी हललं. दीपमालावहिनीनं तिला हळद-कुंकू लावलं. कोणीही म्हणालं असतं की शहरातून आलेली, एवढी देखणी वस्तू. हिच्यात खोट काय असणार.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात चंद्रकुमारला हिवताप झाला होता. जबरदस्त औषधं चालली आणि त्यानंतर बरेच दिवस त्याचे कान वाजत राहिले. कानात सतत रातकिडे ओरडतात, असं तो म्हणायचा. हळूहळू ते थांबलं आणि सगळे विसरून गेले. तो विसरला नव्हता.

नव्या संचाचा पहिला मोठा कार्यक्रम पवनीकडच्या एका गावात शारदेच्या मांडवात होता, भर दुपारी. भय्याजींनी या वेळी त्याला प्रथमच एक स्वतंत्र तुकडा दिला होता. कडवं संपलं की सगळ्यांनी थांबायचं आणि बेसनं एकट्यानं वर चढून जायचं, मग परत खाली येऊन गायकाला धरायचं. दीपमालावहिनी, तिच्या मांडीवर त्यांची लहानगी लेक हर्षा, आणि आसगावचे आम्ही पाच-सहा जण खास त्यासाठी गेलो होतो.

पहिलं कडवं झालं. चंद्रकुमारचा हात गिटारीच्या मानेवरून वर सरकला. खालचे सूर गोल, भरदार आले. वर गेला तसा आवाज आंबला. दुसरा शब्द नाही मला सुचत. दूध नासतं तसं काहीतरी झालं. व्हायोलिनवाल्यानं वळून पाहिलं. चंद्रकुमारनं गाणं चालू असतानाच खुंटी फिरवून तार किंचित उतरवली. दुसऱ्या कडव्यानंतर वरचे सूर ठीक लागले, पण खाली आल्याबरोबर खालचे नासले. त्यानं पुन्हा खुंटी फिरवली. मग पुढच्या प्रत्येक गाण्यात तेच. वरचं जुळवावं तर खालचं जातं, खालचं जुळवावं तर वरचं. माणूस घामानं भिजून गेला.

कार्यक्रम संपल्यावर मांडवाच्या मागं भय्याजी त्याच्यावर उखडले. ते मूळचे रागीट नव्हते, पण त्या दिवशी पाहुण्यांसमोर फजिती झाली होती.

"काय करून राहिला होता तू? तारा जुळवता येत नाई तुले?"

"जुळवल्या होत्या भय्याजी. पेटीवर जुळवल्या."

"मंग बेसुरं कोन वाजलं? मी? अबे, बुखारानं तुहा कान गेला. कान गेला तुहा, चंदर!"

बाकीच्यांनी ते ऐकलं आणि जेवायला निघून गेले. भय्याजींनीही त्याच पंगतीत त्याला आग्रह करून वाढलं. त्यांच्या लेखी विषय संपला होता. चंद्रकुमारच्या पानात भात तसाच राहिला.

कान गेला हे त्याला पटलं. त्याच्या मनात वर्षभर जी भीती होती ती दुसऱ्यानं मोठ्यानं बोलून दाखवली होती. त्यातून पुरावा समोरच होता. तीच तार, तोच माणूस, आणि कधी सुरात वाटते, कधी वाटत नाही. गिटार नवी, म्हणजे चूक ऐकण्यातच असली पाहिजे. तो आणखी वर्षभर भय्याजींसोबत गेला, पण गिटारीच्या मानेचा वरचा अर्धा भाग त्यानं कायमचा सोडून दिला. मानेवर आडव्या बसवलेल्या पडद्यांपैकी खालच्या पाचांत हात ठेवायचा आणि तेवढंच वाजवायचा. तारासुद्धा दुसऱ्याकडून जुळवून घ्यायचा. पुढं एका दिवाळीनंतर तो गेलाच नाही. निरोप पाठवला की शेताचं काम आहे.

गिटार साडीत गुंडाळून धानाच्या कोठ्यांच्या खोलीत खिळ्याला टांगली गेली. भय्याजींचा ऑर्केस्ट्राही फार दिवस टिकला नाही. डीजेचे दिवस आले. गावात मोटारसायकली झाल्या तशी सायकलीची गिऱ्हाइकंही आटली. चंद्रकुमार पुरता शेतकरी झाला, आणि चांगला शेतकरी झाला. तलावाच्या पाण्याची पाळी ठरवायला लोक त्याला बोलवायचे, कारण तो भांडणं होऊ द्यायचा नाही. सगळं ठीक होतं. फक्त घरात तो गुणगुणत नसे. भजनाला जाऊन बसायचा, टाळ हातात घ्यायचा, तोंड उघडायचा नाही. हर्षा शाळेत गाण्याच्या स्पर्धेला उभी राहिली तेव्हा तिनं ओसरीत त्याला गाणं म्हणून दाखवलं आणि विचारलं, "बाबा, बराबर हाये ना सूर?"

तो म्हणाला, "मले नोको इचारू. तुह्या बाईले इचार."

हे दीपमालावहिनीनं मला सांगितलं तेव्हा ती धान पाखडत होती. सूप थांबलं नाही, पण तिचा आवाज जरा बदलला. "मले वाटलं, मानूस गेला घरातून," ती म्हणाली. "समोर बसून राह्यते, पन गेला."

हर्षा मोठी झाली, नर्स झाली. भंडाऱ्याला एका दवाखान्यात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात ती आठ-दहा दिवस घरी आली होती. तिच्या सोबतच्या मुलींनी एक गाण्याचा गट केला होता आणि तिला आठवलं की घरी बाबांची गिटार आहे. तिनं ती खाली काढली. साडी सोडली तर आत कोळ्यांची जाळी, तारा गंजून तांबड्या झालेल्या.

"कायले काढून राहिली?" चंद्रकुमार खाटेवरून म्हणाला.

"पाहू द्या ना बाबा. नव्या तारा आनल्या मी."

तारा तिनं आधीच मागवून ठेवल्या होत्या, म्हणजे बेत जुना होता. बापानं नाही नाही म्हणत तारा चढवून दिल्या, कारण ती चुकीच्या बाजूनं गुंडाळत होती आणि ते त्याला पाहवेना. हर्षानं मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप उघडलं. सूर बरोबर असला की काटा मधोमध, चढला की उजवीकडं, उतरला की डावीकडं. चारही मोकळ्या तारा तिनं काट्यावर जुळवल्या.

"आता वाजवा."

"तूच वाजव."

"मले येते का? वाजवा ना."

त्यानं गिटार मांडीवर घेतली. खालचे दोन-चार सूर काढले. मग, किती वर्षांनी कोण जाणे, हात वर सरकवून बाराव्या पडद्यावर जाड तार दाबली. सूर निघाला आणि त्यानं तोंड वाकडं करून हात काढून घेतला.

"पाह्यलं? मले चढेल आयकू येते. मनून म्हनलं, माहा कान..."

"पन बाबा, चढेलच हाये तो."

"काय?"

हर्षानं मोबाइल त्याच्यापुढं धरला. "पुन्हा दाबा." त्यानं पुन्हा तार दाबली. काटा उजवीकडं गेला आणि तिथंच थरथरत राहिला. "मोकळी तार बराबर हाये आनि इथं चढून राहिली. गिटारच चढवून राहिली, तुमी नाई."

चंद्रकुमारनं मान आडवी हलवली. हर्षा नर्स आहे. नुसतं सांगून रोगी ऐकत नाही हे तिला माहीत आहे. तिनं मोबाइलचा पडदा आपल्याकडं वळवला. "आता तुमी पाहू नोका. एकेक सूर वाजवा आनि सांगा, चढला का उतरला. मी काटा पाहते."

त्यानं वाजवायला सुरुवात केली. "हा बराबर... हा जरासा चढला... हा जास्त... हा लगित चढला." मग तिनं मध्येच हात लांबवून एक खुंटी गुपचूप फिरवली. "आता उतरला," तो लगेच म्हणाला, "तू खुंटी हालवली." हर्षा हसायला लागली. ओसरीच्या टोकाला दीपमालावहिनी तांदूळ निवडत होती. ती उठून आली आणि उभी राहिली.

"सारे बराबर सांगतले बाबानं?"

"सारे."

चंद्रकुमारनं गिटार बाजूला ठेवली. "मंग तवाबी..." तो म्हणाला आणि थांबला. तो उठला आणि परड्यात गेला. दीपमालावहिनीनं हर्षाला मागं जाऊ दिलं नाही. बराच वेळ तो तिथं चिंचेखाली उभा होता. परत आला तेव्हा डोळे धुतलेले होते आणि पहिलं वाक्य तो बोलला ते असं, "काहून चढते ते पाहा लागन."

तिथून पुढचा सगळा उन्हाळा त्या गिटारीचा होता. सायकलीच्या दुकानातल्या कानशी, पाने, पक्कड त्यानं पेटीतून बाहेर काढले. आधी मान पाहिली. वर्षानुवर्षं ताणलेल्या तारांच्या ओढीनं ती धनुष्यासारखी वाकली होती आणि तारा पडद्यांपासून उंच गेल्या होत्या. तार उंच असली की दाबताना ताणली जाते, ताणली की सूर चढतो. गिटारीच्या पोटातून मानेत एक लोखंडी सळई गेलेली असते. तिचा नट किल्लीनं पाव पाव फेरा आवळत, दरवेळी रात्रभर तसंच ठेवत त्यानं मान सरळ केली. "चाकासारखंच हाये," तो म्हणाला, "घाई केली का मोडते."

मान सरळ झाल्यावर सूर सुधारले, पण पुरते नाहीत. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं तर घंटेसारखा बारीक सूर येतो. तोच सूर तिथं तार दाबून यायला हवा. इथं दाबलेला सूर अजूनही चढतच होता, आणि जाड तारेवर सगळ्यात जास्त. याचा अर्थ एकच. तारेची लांबी कमी पडते आहे. खाली पोटावर चिकटवलेल्या लाकडी घोडीवर ज्या पट्टीवर तारा टेकतात, ती पट्टीच कारखान्यात पुढं बसवली गेली होती. खोट पहिल्या दिवसापासून होती.

हे उमगलं त्या दिवशी तो जेवला नाही, असं वहिनी म्हणाली. रागानं. कुणावरचा राग ते त्यालाही सांगता येत नव्हतं. ज्यानं गिटार बनवली त्याचं तोंडही कधी पाहिलं नव्हतं.

पट्टी किती मागं न्यायची ते शोधायला त्यानं सायकलीच्या स्पोकचे बारीक तुकडे कापले. एकेका तारेखाली एक तुकडा सरकवायचा, तार वाजवायची, तुकडा केसभर मागं ढकलायचा, पुन्हा वाजवायची. दोन्ही सूर एक झाले की तिथं पेन्सिलीची खूण. चारही खुणा जोडल्या तेव्हा रेघ तिरपी आली. बारीक तारेकडं थोडी मागं, जाड तारेकडं बरीच मागं. हर्षा तोवर भंडाऱ्याला परतली होती आणि मोबाइल सोबत गेला होता. या खुणा त्यानं नुसत्या कानानं केल्या.

आता घोडीत जुनी खाच बुजवून नवी तिरपी खाच पाडायची होती. ते काम तुलाराम सुताराकडं. तुलाराम दारं-खिडक्या करणारा माणूस, त्यानं गिटार पाहून हातच जोडले. "फुटली तं काय करू? तू मले गावात राहू देशीन का?"

"फुटली तं माह्या हातानं फुटन. तू पटाशी मले दे आनि बाजूले बस."

अखेर दोघांनी मिळून ते केलं. बुजवायला तेंदूच्या जुन्या खोडाचा काळा गाभा वापरला. घोडी काळीच होती, जोड शोधूनही सापडला नसता. नव्या खाचेत बसवायला पट्टी पितळेची केली. भंडाऱ्याच्या भांड्यांच्या ओळीतल्या ओळखीच्या कारागिरानं तुकडा कापून दिला. पहिली पट्टी चंद्रकुमारनं जास्त घासली. तारा खाली बसून पडद्यांवर खरखरायला लागल्या. ती फेकली. दुसरी दुपारच्या उन्हात ओसरीत बसून घासली, थोडी घासायची, लावायची, ऐकायची, काढायची. वहिनी वैतागली. "टुंग टुंग आयकून माहं डोकं फिरलं," ती म्हणायची, आणि शेजारणींना बोलावून दाखवायचीही.

एका दुपारी टुंग टुंग थांबलं. मग सावकाश एक लांब तुकडा ऐकू आला, खालून निघून मानेच्या अगदी वरपर्यंत चढत गेलेला आणि तसाच गोल परत आलेला. तुलाराम रस्त्यानं जात होता. तो फाटकात येऊन म्हणाला, "झालं वाटते."

चंद्रकुमार म्हणाला, "झालं."

त्यानंतर आठवड्यानं तो एस.टी.नं भंडाऱ्याला गेला, गिटार घेऊन. भय्याजी आता ऐंशीच्या पुढचे. मुलाकडं राहतात. वाटेत चंद्रकुमारनं मनात बरंच काही जुळवलं होतं. मी तुमचं ऐकून वाजवणं सोडलं, हे सांगायचं होतं. चूक गिटारीची होती, माझी नव्हती. तुम्ही चार लोकांत बोललात.

भय्याजी खुर्चीत बसले होते, कानात मशीन. त्यांनी ओळखायला जरा वेळ घेतला आणि मग दोन्ही हात पसरले. "चंदर! अबे, कुठी होता तू? येवढे वर्स?"

चंद्रकुमारनं चहा येईपर्यंत धीर धरला. मग सगळं सांगितलं. शारदेचा मांडव, नासलेले सूर, जेवणाआधीचं बोलणं. भय्याजी कानाला हात लावून ऐकत होते.

"मी असं म्हनलो?"

"हव. कान गेला म्हनले तुमी."

"तुले?" म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं. "मले तं काईच याद नाई रे. मी काहून असं म्हनीन? आपल्या आर्केस्ट्रात कान तं तुहाच होता. पेटी दुरुस्तीले टाकली का आनल्यावर मी पयले तुले वाजवून दाखवत होतो. आठवते का नाई?"

चंद्रकुमारला ते आठवलं. इतकी वर्षं ते त्याला आठवलं नव्हतं. तो एक दुपारचा प्रसंगच तेवढा राहिला होता आणि त्याआधीची सगळी वर्षं त्याखाली गाडली गेली होती. तो मला म्हणाला, "का करू सांग. ज्याच्यापायी मी येवढा झुरलो, त्याले तं यादच नाई. भांडू कोनाशी?" भय्याजींनी मग त्याचा हात धरला आणि म्हणाले, "म्हनलो असन तं चुकलं माहं." एवढंच. साध्या आवाजात, कप खाली ठेवता ठेवता.

मग म्हणाले, "वाजव."

त्यांनी कानातलं मशीन काढून ठेवलं, कारण गाणं त्यात शिटीसारखं ऐकू येतं. खुर्ची पुढं ओढली आणि गिटारीच्या पोटावर उजवा तळहात सपाट टेकवला. चंद्रकुमारनं वाजवायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेत त्याला जाणवलं की भय्याजींचा डावा हात मांडीवर पेटीच्या पट्ट्या दाबतो आहे. सून दारात येऊन उभी राहिली. तुकडा वर चढला तेव्हा भय्याजींनी डोळे मिटले आणि मान हलवली, जशी ते पूर्वी स्टेजवर हलवायचे, गायकानं जागा घेतली की.

तो महिन्या-दोन महिन्यांनी जातो आता. कधी वाजवणं होतं, कधी नुसत्या गप्पा. कोण कुठं आहे, कोण गेलं, कुठल्या गावात मांडव उडाला होता.

या दिवाळीत मी आसगावला गेलो होतो. दुपारची वेळ, अंगणात नवं धान वाळत घातलेलं. चंद्रकुमारभाऊ ओसरीत गिटार घेऊन बसला होता आणि मला एक जुना तुकडा ऐकवत होता. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. मला त्या टिनाच्या दुकानातली आमची सगळी पोरं दिसत होती, त्यातली निम्मी आता पुण्या-नागपूरला, दोन तर या जगातच नाहीत. तेवढ्यात आतून वहिनी ओरडली, "अवो, कोंबड्या! धानात घुसल्या कोंबड्या, आन् तुमी वाजवून राहिले!"

त्यानं गिटार माझ्या मांडीवर दिली, काठी घेऊन अंगणात उतरला, कोंबड्या हाकलल्या, पसरलेलं धान पायानं सारखं केलं आणि परत येऊन हात धोतराला पुसले.

"कुठी होतो आपन?" त्यानं विचारलं, आणि माझ्या हातातून गिटार घेतली.